'पैठण' : ग्रीक व लॅटिन नोंदींतील नामरूप

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील 'पैठण' हे नाव संस्कृत 'प्रतिष्ठान'चे उत्तरकालीन, अपभ्रष्ट रूप मानले जाते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, भडोचच्या दक्षिणेस 20 दिवसांच्या वाटेवरील हे नगर 'पैठाना' म्हणूनच येते. दुसऱ्या शतकातील टॉलेमी 'बैठाना' लिहितो व तेथे पुळुमावीची राजधानी असल्याचे नोंदवितो. त्याच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरांतून पंधराव्या शतकात हे रूप पश्चिम युरोपास परिचित झाले. ग्रीक भाषेस 'प्र' व 'स्थ' यांसारखे ध्वनिसंयोग परके नाहीत. तरीही ते येथे आढळत नाहीत. अर्थात व्यापाऱ्यांनी ऐकले ते प्राकृत 'पइट्ठाण' होय. सातवाहनांचे कोरीव लेखही प्रायः प्राकृतातच आहेत. म्हणून 'पैठण' हा ऱ्हास नसून दोन सहस्रकांच्या लोकभाषेचा अखंड वारसा ठरतो.