वीरांगना नूर इनायत खान

(आपली जबाबदारी आणि आपला शब्द प्राणांपेक्षा मोठा मानणाऱ्या एका भारतीय वंशाच्या स्त्रीची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, गुप्तहेर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते? वेश बदलणारा, थापा मारून निसटणारा एखादा चलाख माणूस, होय ना? आज आपण ज्या गुप्तहेराची माहिती घेणार आहोत, ती अगदी निराळी होती. ती हळू आवाजात बोलत असे, वीणा वाजवत असे आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. खोटे बोलणे तर तिला मुळीच जमत नसे. तिचे नाव नूर इनायत खान.

नूरचे वडील हजरत इनायत खान हे सूफी विचारवंत व गायक होते. त्यांचा जन्म १८८२ मध्ये बडोद्याला झाला. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे बडोदा संस्थानातील नामवंत संगीतकार होते. हे घराणे टिपू सुलतानाच्या वंशाशी नाते सांगते. इनायत खान १९१० मध्ये परदेशी गेले. त्यांच्या पत्नी अमेरिकन होत्या. विवाहानंतर त्यांनी अमीना बेगम हे नाव घेतले. नूरचा जन्म १९१४ च्या जानेवारीत मॉस्को येथे झाला. पुढे हे कुटुंब पॅरिसजवळ राहू लागले.

१९२७ मध्ये वडिलांचे निधन झाले. आई दुःखाने खचून गेली. तेव्हा नूर अवघी तेरा वर्षांची होती. धाकट्या तीन भावंडांना तिनेच सांभाळले. शिक्षणही सोडले नाही. तिने बालमानसशास्त्राचा व संगीताचा अभ्यास केला. १९३९ मध्ये तिचे जातककथांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वानरांच्या राजाची एक गोष्ट आहे. शिकाऱ्यांनी झाडाला वेढा घातला. तेव्हा राजाने आपल्या शरीराचा पूल केला. सगळे वानर त्याच्या पाठीवरून पलीकडे सुखरूप गेले, पण राजाचे प्राण गेले. मुलांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये हिटलरच्या सैन्याने फ्रान्स जिंकला. नूरचे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे नूर हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि बिनतारी संदेश पाठवण्याची विद्या शिकली. पुढे एका गुप्त संघटनेने तिची निवड केली. ही संघटना फ्रान्समधील प्रतिकार चळवळीला मदत करत असे. नूर इतकी सरळ आणि हळवी होती, की तिला हे काम झेपेल का, अशी शंका काही शिक्षकांनी बोलून दाखवली. परंतु तिला फ्रेंच उत्तम येत होते आणि संदेश पाठवण्यातही ती तरबेज होती.

१९४३ च्या जून महिन्यात, चांदण्या रात्री, एका लहान विमानाने तिला फ्रान्सच्या भूमीवर उतरवले. 'मादलेन' हे तिचे गुप्त नाव होते. तिचे काम फार धोक्याचे होते. संदेशयंत्र एका पेटीत असे. त्याचे वजन सुमारे १५ किलो. जर्मनांच्या गाड्या रस्त्यांवर फिरत आणि संदेश कोठून जातो याचा माग काढत. त्यामुळे एका जागी फार वेळ थांबता येत नसे. संदेश पाठवायचा, तार गुंडाळायची आणि जड पेटी उचलून दुसरे घर गाठायचे, असा तिचा दिनक्रम होता.

ती पोहोचून थोडेच दिवस झाले, तोच पॅरिसमधील तिचे सहकारी एकामागून एक पकडले गेले. लंडनहून निरोप आला, "परत ये." नूर परत गेली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता. पण मग पॅरिसचा लंडनशी संपर्क कोणी ठेवला असता? नूरने नकार दिला. गोष्टीतल्या वानरराजासारखी ती आता स्वतःच पूल झाली होती. पुढचे काही महिने तिने घरे बदलली, केसांचा रंग बदलला, पण काम थांबवले नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये पैशांच्या लोभाने कोणीतरी तिचा ठावठिकाणा सांगितला आणि ती पकडली गेली. येथे एक गोष्ट लपवता कामा नये. पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी नूरने एका वहीत ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती लागली. तिच्या आधारे त्यांनी नूरच्या नावाने खोटे संदेश पाठवले. लंडनलाही ही फसवणूक वेळेवर ओळखता आली नाही. त्यामुळे आणखी काही माणसे शत्रूच्या जाळ्यात सापडली. थोर माणसांच्या हातूनही चुका होतात. त्या मान्य केल्याने त्यांचा थोरपणा कमी होत नाही.

कैदेत मात्र नूरने तोंडातून एक शब्द काढला नाही. तिने आपल्याला काहीही सांगितले नाही, असे युद्धानंतर तेथील जर्मन अधिकाऱ्यानेच कबूल केले. तिने दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी ती दोन सहकाऱ्यांसह छतावरून निसटली. पण पुन्हा सापडली. तेव्हा अधिकाऱ्याने तिला सांगितले, "पुन्हा पळणार नाही असे वचन दे." नूरने नकार दिला. मनात एक ठेवून दुसरेच लिहून देणे तिला जमणारे नव्हते. तशी सही केली असती, तर कदाचित हाल टळले असते. पण वचन द्यायचे तर ते पाळायला हवे, आणि सुटकेचा प्रयत्न करणे हे तर तिचे कर्तव्य होते.

तिला जर्मनीतील तुरुंगात पाठवले. तेथे हातापायांत बेड्या घालून तिला सुमारे दहा महिने एकटीला कोठडीत ठेवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ येथील छळछावणीत तिला आणि आणखी तीन स्त्रियांना गोळ्या घालण्यात आल्या. तिच्या ओठांवरचा अखेरचा शब्द 'स्वातंत्र्य' हा होता, असे सांगतात. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

फ्रान्सने तिला 'क्रुआ द गेर' हे पदक दिले. ब्रिटनने १९४९ मध्ये 'जॉर्ज क्रॉस' हा सन्मान दिला. २०१२ मध्ये लंडनमधील एका बागेत तिचा अर्धपुतळा उभारण्यात आला.

मुलांनो, सोपवलेले काम ही एक अमानत असते. नूरने ती अखेरपर्यंत जपली. तुमच्यावर सोपवलेले लहानसे काम सोडून द्यावेसे वाटले, तर या मृदू आवाजाच्या शूर मुलीची आठवण करा.

शब्दार्थ
प्रतिकार – विरोध, सामना
बिनतारी – तारेशिवाय चालणारे
तरबेज – निष्णात, कुशल
ठावठिकाणा – राहण्याची जागा, पत्ता
अमानत – विश्वासाने सोपवलेली ठेव

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नूरच्या वडिलांचा जन्म कोठे झाला?
(आ) नूरचे गुप्त नाव काय होते?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संदेश पाठवण्याचे काम धोक्याचे का होते?
(आ) पुन्हा न पळण्याचे वचन नूरने का दिले नाही?
३. वानरराजा आणि नूर यांच्यात कोणते साम्य आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : खचून जाणे, माग काढणे, हाती लागणे.