पाय कसे मारता, त्यावर फिन!

आमचं पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पोहणं शिकायचं ते विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. त्यामुळे स्कूबा हा आपला विषयच नाही असं वाटतं. पण मालवण-तारकर्लीचे डायव्हर पायात जे लांब रबरी पंजे घालतात, त्या ‘फिन’मध्ये आपल्याच अभ्यासक्रमातली दोन प्रकरणं दडली आहेत.

पहिलं प्रकरण संवेगाचं. फिन पाणी मागे ढकलते, पाणी आपल्याला पुढे ढकलतं. मिळणारा जोर म्हणजे दर सेकंदाला ढकललेल्या पाण्याचं वस्तुमान गुणिले त्याचा वेग. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे खर्च होते. दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकललं, तर जोर तेवढाच आणि पाण्यात जाणारी ऊर्जा निम्मी! म्हणून फिनचं पातं मोठं.

दुसरं प्रकरण कॅन्टिलिव्हरचं. पातं एका टोकाला पावलाशी पक्कं, दुसरं टोक मोकळं. जाडी निम्मी केली की वाकण्याला होणारा विरोध एक अष्टमांश होतो. म्हणूनच पातं टोकाकडे पातळ करत नेतात. फार कडक पातं पाणी मागे न ढकलता वर-खाली ढकलतं आणि पोटऱ्यांत गोळे आणतं. फार मऊ असेल तर पाणी नुसतंच सटकतं.

आता पाय मारण्याच्या पद्धती बघा.

फ्लटर किक : मांडीपासून पाय आळीपाळीने वर-खाली. इथे लवचिक पातं चांगलं. मधे चीर असलेली स्प्लिट फिनही इथे हलकी जाते.

फ्रॉग किक : बेडकासारखे पाय फाकवून तळवे मागे झटकायचे, मग थोडं तरंगत जायचं. याला आखूड, रुंद, कडक पातं हवं. 1960 च्या दशकात आलेली जेट फिन आजही यासाठी वापरतात. स्प्लिट फिन इथे कमी पडते, पाणी चिरेतून निसटतं.

एवढा विचार कशासाठी? हवेसाठी. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने साधारण 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर श्वास धरला, तर 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवाही 40 लिटर लागते. कागदावर झाली 60 मिनिटं. चुकीच्या फिनने धाप लागून श्वास दुप्पट झाला, की उरतात 30!

दुसरं कारण प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. तळाजवळ फ्लटर किक मारली की पाण्याचा झोत खाली जातो, गाळ उठतो, समोरचं दिसेनासं होतं आणि पात्याचा फटका प्रवाळालाही बसू शकतो. फ्रॉग किकचा झोत सरळ मागे जातो.

तेव्हा मित्रांनो, कधी तारकर्लीला स्कूबा शिकायला गेलात, तर फिनचा रंग बघू नका. पातं हातात धरून वाकवून बघा आणि आधी विचारा, ‘इथे पाय कसे मारायचे?’