काडेपेटी, बांबूची गाठ आणि फायबरची आडपडदी



मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमची मुलं एका तयार पॅनलच्या खोलीला टेकून बसली होती. एका मुलीने भिंतीवर हात दाबला तर भिंत आत गेली आणि परत बाहेर आली. ती म्हणाली, "सर, ही भिंत पोकळ आहे. वारं सुटल्यावर पडंल का?" प्रश्न साधा वाटतो, पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं घराच्याच भिंतीखाली गेली, हे आपला मराठवाडा विसरलेला नाही. तिथल्या भिंती दगड-मातीच्या, जाड आणि जड होत्या. म्हणजे नुसतं जड असून भिंत मजबूत होत नाही, आणि नुसतं हलकं असूनही होत नाही. मग मजबुती येते कुठून? आज तेच बघू.

पॅनल म्हणजे काय?

ज्वारीचं ताट आठवा. बाहेर कडक साल, आत हलका भेंड. त्याच भेंडाच्या आणि चिपाडाच्या बैलगाड्या आपण करतो की नाही? फायबरचं पॅनल अगदी तसंच असतं. दोन्ही बाजूंना काचतंतू आणि रेझिनची पातळ कडक साल आणि मध्ये हलका फोम. अशी पॅनलं किंवा पूर्ण खोके कारखान्यात तयार करून जागेवर जोडले की खोली उभी राहते. अंटार्क्टिकावरचं आपलं 'भारती' संशोधन केंद्र 134 मालवाहू कंटेनर जोडून उभं केलं आणि 2012 मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथून चालतो.

आडपडदी कशासाठी?

आता बांबू घ्या. आतून पोकळ, तरी सहजासहजी चेपत नाही. उभा चिरला की कारण दिसतं. प्रत्येक गाठीत आत एक पडदा असतो. हीच आडपडदी. जहाजाच्या भाषेत तिला बल्कहेड म्हणतात.

उपक्रम : काडेपेटीचं बाहेरचं टरफल घ्या. कोपऱ्यावर दाबा, चपटं होईल. आता आत बरोबर मापाचा पुठ्ठा आडवा बसवून दाबा. पुठ्ठा निसटेल! मग तोच पुठ्ठा चारही कडांना डिंक लावून चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा दाबा. आता टरफल हटत नाही. यातून कळलं काय? पडदी असून भागत नाही, ती सगळ्या बाजूंनी पक्की जोडलेली पाहिजे.

कारागीर ती कशी बसवतात?

1. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून माप घेतात. पडदी मापापेक्षा किंचित लहान ठेवतात. ती सालीला रुतून बसली तर त्याच रेषेवर ताण येऊन तडा जातो.
2. पॅनलची आतली बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करतात आणि पुसून कोरडी करतात. गुळगुळीत किंवा तेलकट जागेवर रेझिन धरत नाही.
3. गुण्या आणि ओळंबा लावून पडदी काटकोनात उभी करतात.
4. कोपऱ्यात रेझिनची घट्ट पुट्टी भरून ती गोलसर करतात. काचतंतूची पट्टी टोकदार कोपऱ्यात वळत नाही, खाली हवा राहते.
5. मग दोन्ही बाजूंनी पट्ट्या चढवतात. समजा पहिली 10 सें.मी. रुंद, अर्धी पडदीवर आणि अर्धी पॅनलवर. दुसरी 15 सें.मी., म्हणजे कडा एकावर एक येत नाहीत. रोलर फिरवून बुडबुडे काढतात.

पॉलिस्टर रेझिनमध्ये साधारण 1 ते 2 टक्के हार्डनर घालतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवतात. आणखी एक गंमत : हे रेझिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून आत दुसरा फोम लागतो.

सावधान! हे काम मुलांनी करायचं नाही. काचेच्या धुळीने अंग खाजतं, वाफा छातीत जातात. हातमोजे, चष्मा, मास्क आणि मोकळी हवा हवीच. हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही थेट एकत्र केले तर भडका उडू शकतो. पालकांपैकी कोणी हे काम करत असेल तर त्यांना घरी जाऊन नक्की सांगा.

जाता जाता

टायटॅनिक जहाजात 15 आडपडद्या होत्या. पण त्या पुरेशा उंच नव्हत्या. एका कप्प्यातलं पाणी पडदीवरून पुढच्या कप्प्यात गेलं आणि 15 एप्रिल 1912 रोजी जहाज बुडालं. अर्धवट काम ते हेच.

त्या मुलीला मी म्हणालो, "बाळा, भिंत पोकळ असली तरी चालतं. आत पडदी आहे का आणि ती नीट जोडली का, हे विचारायचं." तिने दुसऱ्या दिवशी सगळी भिंत बोटाने ठोकून बघितली आणि जिथं आवाज बदलला तिथं खडूने खुणा केल्या. त्या खुणा दाखवून आम्ही दुरुस्तीसाठी अर्ज दिला आहे. तोवर तिथं कोणी टेकून बसत नाही.

स्वाध्याय

1. 2 किलो रेझिनला 1.5 टक्के हार्डनर किती ग्रॅम लागेल?
2. ज्वारीचं ताट आणि पॅनल यांतील दोन साम्ये लिहा.
3. तुमच्या घरातली एक पोकळ पण मजबूत वस्तू शोधा. आत काय आहे ते बघा.