खाचर आणि भटारखाना यांच्यामधलं करिअर

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात एका कामाला माणसं हवी आहेत आणि त्या कामाची जाहिरात पेपरात सहसा येत नाही. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडीचं आयटी पार्क आहे. लवळ्याच्या टेकड्यांवर सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत, पौडजवळ खुबवलीला १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, आणि पुढे मुळशी धरणाच्या काठाकाठानं ताम्हिणीपर्यंत हॉटेलं नि रिसॉर्ट. इथल्या मेस, कॅन्टीन आणि हॉटेलांत रोज हजारो ताटं वाढली जातात. त्याच तालुक्यात, कोळवण आणि मुठा खोऱ्यांत, एक-दोन एकरांत भात, वाल आणि भाजीपाला पिकवणारी घरं आहेत. त्यांची मेथी पहाटे टेम्पोनं पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते, आणि कितीदा तरी तिथून घेतलेली मेथी त्याच रस्त्यानं तालुक्यातल्या मेसमध्ये परत येते. मधे दोनदा हमाली, दोनदा भाडं आणि अर्ध्या दिवसाचं कोमेजणं.

हा फेरा वाचवणाऱ्या माणसाला कंपनीत प्रोक्युअरमेंट एक्झिक्युटिव्ह म्हणतात, शेतकरी उत्पादक कंपनीत विक्री व्यवस्थापक म्हणतात. पालकांना ऐकताक्षणी ही दलाली वाटते. फरक कामाच्या वेळेत आहे. आडत्याचं काम माल बाजारात आला की सुरू होतं. या माणसाचं काम बी जमिनीत पडायच्या आधी सुरू होतं. कोणत्या मेसला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किती जुड्या लागणार हे त्याला सप्टेंबरात माहीत असावं लागतं. हे ज्याला जमेल त्याच्यासाठी मुळशीत चांगलं करिअर आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो. ज्याला फक्त गाडी भरून माल पोचवायचा आहे, त्यानं या वाटेला जाऊ नये.

इथली खरी अडचण ऋतूंची आहे. मुळशीत जून ते सप्टेंबर पाऊस हात आखडता घेत नाही. खाचरं भाताखाली असतात आणि उघड्यावरची पालेभाजी सडते. नेमक्या याच महिन्यांत शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी धबधब्यांवर लोटते आणि हॉटेलं ओसंडतात. म्हणजे मागणी वर आणि भाजी खाली. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, मग खाचरातल्या ओलीवर वाल, हरभरा येतो, आणि विहिरीचं किंवा नदीचं पाणी असलेल्यांची भाजी डिसेंबर ते मार्च भरात असते. तेव्हा शाळा-कॉलेजं सुरू असतात, हे जमतं. पण एप्रिल संपताना मेस रिकाम्या होतात आणि पाणीही आटतं.

या दोन वेळापत्रकांची सांगड घालणं हाच या व्यवसायाचा गाभा आहे. मेथी साधारण महिन्यात निघते, कोथिंबिरीला थोडे जास्त दिवस लागतात. दहा शेतकऱ्यांनी पाऊस उघडल्यावर एकाच दिवशी मेथी टाकली, तर एका आठवड्यात ढीग लागेल आणि पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघर रिकामं राहील. म्हणून कुणी कधी पेरायचं याची पाळी लावावी लागते, आणि ती फोनवरून लागत नाही. शेताच्या बांधावर जाऊन, त्या घरचं पाणी, माणूसबळ, लग्नकार्याच्या तारखा सगळं समजून घेऊन लावावी लागते. पावसाळ्यासाठी शेडनेट किंवा पॉलीहाऊसवाले एक-दोन शेतकरी जोडावे लागतात. रानभाज्यांचाही विचार करावा. करटोली, टाकळा, भारंगी यांचे महोत्सव कृषी विभाग भरवतो, आणि पावसाळी पाहुण्यांना त्या हव्याही असतात. पण शेवळं घशाला खाजतात, त्यांत काकडाची फळं घालावी लागतात, हे शेफला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणारी आजी गावात असते. तिचं ज्ञान हॉटेलच्या ओट्यापर्यंत नेणं हेही याच नोकरीचं काम.

तांदळाचं तसंच आहे. आंबेमोहोर ही मुळशी-मावळाची ओळख. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं तयार केलेला इंद्रायणी १९८७ मध्ये आला आणि खाचरोखाचरी पसरला. दोन्ही मऊ, चिकट शिजणारे. बिर्याणीसाठी मोकळं शीत शोधणाऱ्या हॉटेलात इंद्रायणी घेऊन गेलात तर नकारच मिळेल, आणि तो योग्यच असेल. तोच तांदूळ वरणभात, पिठलंभात, मऊभात देणाऱ्या थाळीच्या हॉटेलात किंवा वसतिगृहात न्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. एवढी एक ओळ पोत्यासोबत लिहून दिली तरी पहिल्या दिवशीच भाताचा गिचका होऊन गिऱ्हाईक तुटायचं टळेल.

आता शाळांकडे वळू, कारण शाळा म्हटलं की पोषण आहाराचं मोठं सरकारी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर येतं. २०२१ पासून या योजनेचं नाव पीएम पोषण झालं. तिच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं आणि ५० ग्रॅम भाजी आहे; सहावी ते आठवीला ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं आणि ७५ ग्रॅम भाजी. तांदूळ सरकारकडून येतो. गावातल्या शाळांना भाजी आणि इंधनासाठी पैसे मिळतात, म्हणजे भाजी जवळून घ्यायला वाव आहे. पण हिशोब करून पाहा. वाडीवरच्या ६० मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला ३ किलो भाजी लागते. एवढ्यावर कुणाचं घर चालणार नाही. त्याउलट ५०० जणांच्या निवासी मेसमध्ये माणशी ३०० ग्रॅम धरले तर रोज १५० किलो. पोट मेस आणि हॉटेलांवर भरावं, आणि वाटेवरच्या वाडीची शाळा त्याच गाडीत जोडावी. ती जोडावीच. शेजारच्या रानातला पालक त्या मुलांच्या ताटात पडणं ही साधी, हक्काची गोष्ट आहे. ब्राझीलनं तर २००९ मध्ये कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी बांधून दिली. तिथे शाळा आणि शेतकरी यांच्यात धागा जुळवणं हे त्यामुळे नेमून दिलेलं काम झालं. आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत तो धागा कुणीतरी स्वतःहून जुळवायचा आहे.

हे होऊ शकतं याचा दाखला तालुक्याबाहेर शोधावा लागत नाही. हिंजवडीला लागून असलेल्या माणजवळच्या बोडकेवाडीत ज्ञानेश्वर बोडके यांनी पॉलीहाऊसमधल्या फुलांपासून सुरुवात केली, मग भाजीपाल्याकडे वळले आणि आसपासच्या शेतकऱ्यांना जोडत अभिनव फार्मर्स क्लब उभा केला. या गटानं पुण्या-मुंबईच्या घरांपर्यंत थेट भाजी पोचवली. आजूबाजूच्या जमिनी आयटी पार्क आणि इमारतींखाली जात असताना, २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटात दिसली तशी वाताहत घरोघरी पाहायला मिळत असताना, त्याच गावात हे घडलं. नाशिकच्या मोहाडीतली विलास शिंदे यांची सह्याद्री फार्म्स याच विचाराचं फार मोठं रूप. अशा कंपन्यांत खरेदी, प्रतवारी, शीतगृह, गुणवत्ता, हिशोब अशा विभागांत पगारी नोकऱ्या असतात. स्वतःचं काही सुरू करण्याआधी दोन-तीन वर्षं तिथे काढणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

पालकांचा पुढचा प्रश्न पैशांचा, आणि तो रास्त आहे. वरच्याच मेसचं उदाहरण घेऊ. समजा, भाजी सरासरी ३० रुपये किलोनं घेतली आणि पुरवठ्याचे किलोमागे ६ रुपये मिळाले, तर १५० किलोचे दिवसाला ९०० रुपये होतात. त्यातून डिझेल, एका मदतनिसाची मजुरी आणि तूट वजा करा. एका मेसवर भागत नाही, तीन-चार ठिकाणं एकाच रस्त्यावर हवीत, हे कागदावरच दिसतं. दुसरा धोका उधारीचा. हॉटेलं महिन्यानं, कधी दीड महिन्यानं पैसे देतात. शेतकऱ्याला मात्र आठवड्यात पैसे हवेत. या मधल्या दिवसांचं भांडवल नसेल तर चांगला चाललेला धंदाही तिसऱ्या महिन्यात बसतो. म्हणून मुलाला गाडी घेऊन देण्याआधी खेळतं भांडवल किती लागेल ते विचारा. गाडी भाड्यानं मिळते. कायद्याची भीती मात्र सोडा: जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घेऊन थेट विकता येतं.

शिक्षणाचे रस्ते तीन. दहावीनंतर कृषी पदविका. बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर चार वर्षांची बीएस्सी कृषी, कृषी व्यवसाय व्यवस्थापन किंवा अन्न तंत्रज्ञानाची पदवी; पुण्यातलं शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ पासूनचं आहे आणि आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं. पदवीनंतर पुण्यातच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कॉमर्स किंवा हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांनी मागे राहायचं कारण नाही. स्वयंपाकघराची भाषा, ताटामागचा खर्च, स्टोअरची नोंद हे कृषी पदवीधराला शिकावं लागतं, त्यांना आधीच येतं. हाताळणी, प्रतवारी आणि साठवण शिकायला पणन मंडळाची तळेगाव दाभाड्याची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था फार लांब नाही. कृषी पदवीधरांसाठी केंद्राची अॅग्री क्लिनिक योजना २००२ पासून चालू आहे: ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, पुढे प्रकल्पकर्जावर ३६ टक्के अनुदान, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के.

मुलींच्या पालकांना पहाटेच्या प्रवासाची काळजी वाटते. ती समजते, पण या कामाचा मोठा भाग पहाटेचा नाही. पेरणीचं नियोजन, दर ठरवणं, बचत गटातल्या बायकांकडून साफसफाई आणि जुड्या बांधून घेणं, मेसच्या मॅनेजरशी पुढच्या आठवड्याची यादी ठरवणं, वसुली, हे दिवसाउजेडीचं काम आहे. आणि शेतावरच्या घरात शिरून ‘काकू, पुढच्या महिन्यात काय निघतंय?’ असं विचारणं मुलींना अधिक सोपं जातं, असं माझं मत आहे.

प्रवेश घेण्याआधी मुलानं किंवा मुलीनं बारावीच्या परीक्षेनंतरचे दोन महिने यात घालवून बघावेत. थोडे दिवस पहाटे गुलटेकडीला उभं राहावं, भाव कसा पडतो ते पाहावं आणि आपल्याच गावच्या कुणाची तरी आडत्यानं दिलेली पट्टी नीट वाचावी: एकूण रक्कम, तोलाई, हमाली, भाडं, हातात काय उरलं. मग एखाद्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये बिनपगारी का होईना उभं राहून आलेला माल मोजावा आणि परत पाठवलेल्या मालाचं कारण वहीत लिहावं: ओली पानं, आकार लहान, वजन कमी, उशीर. शेवटी दहा शेतकऱ्यांची यादी करावी. क्षेत्र किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, काय पिकतं, कधी निघतं. मे महिन्यात पाणी आटलेलं असतानाही ज्यांच्या शेतात काही हिरवं आहे, त्यांची नावं वर लिहावीत, कारण पुरवठ्याचा पहिला शब्द देताना त्यांच्याच भरवशावर द्यावा लागेल. ही वही घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत जाऊन उन्हाळी काम मागावं. वही पाहिल्यावर बोलणं बराच वेळ चालतं.