आवाज पोहोचेल इतकीच शक्ती : हौशी रेडिओतील एक पाठ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्या आपत्तीत हौशी रेडिओचालकांनी बिनतारी यंत्रांच्या साहाय्याने निरोप पोहोचविले. असे संकट ओढवले म्हणजे वीज नसते, मोटारीच्या बॅटरीवरच काम भागवावे लागते. अशा वेळी यंत्र किती शक्तीने चालवावे, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक परीक्षा देऊन ही विद्या आत्मसात करू शकतो. म्हणूनच निवासी शाळेतील मुलामुलींसाठी हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

ट्रान्सीव्हर म्हणजे संदेश पाठविणारे व घेणारे एकच यंत्र. ते अँटेनाकडे किती वॅट शक्ती पाठवील, हे आपण ठरवितो. हातातील संचावर साधारणतः १ व ५ वॅट, वाहनातील संचावर ५० वॅटपर्यंत, तर टेबलावरील लघुलहरी संचावर सामान्यतः ५ ते १०० वॅट असे पर्याय असतात. नवशिक्याला वाटते, बटण शेवटपर्यंत फिरविले की आवाज कितीतरी पटींनी वाढेल. गणित मात्र वेगळे सांगते.

शक्ती दुप्पट केली तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील एस-मीटर एका अंकाने वर जाण्यास ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती लागते. २५ वॅटचे १०० वॅट केले, तरी पलीकडे एकच अंक वाढतो. शिवाय हातातील संचाच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मालेगावहून अकोल्याकडे बोलताना पातूर घाटाचे डोंगर आड आले, तर वॅट वाढविण्यापेक्षा अँटेना उंच जागी नेणे अधिक उपयोगी ठरते.

अधिक शक्तीची किंमतही मोजावी लागते. १०० वॅटचा संच पूर्ण शक्तीने बोलताना १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढतो. शक्ती कमी केली की बॅटरी बराच अधिक वेळ साथ देते. एसएसबी पद्धतीत शक्ती आवाजाबरोबर चढते-उतरते. एफएम व बऱ्याच डिजिटल पद्धतींत मात्र ती सतत वाहते व यंत्र तापते. म्हणून अशा वेळी लघुलहरी संचाची शक्ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली ठेवणे हिताचे. अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण कधीही दाबू नये आणि अँटेना जुळविताना शक्ती किमान ठेवावी.

याहून महत्त्वाची बाब न्यायाची आहे. आवश्यक तेवढीच शक्ती वापरावी, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच सांगतात. कारण लहरींचा पट्टा सर्वांचा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरील सर्वांचा समान हक्क कृतीने प्रस्थापित केला. आकाशातील हा पाणवठाही सार्वजनिकच आहे. एखाद्याने गरज नसताना शेकडो वॅट ओतले, तर दूरच्या खेड्यातून ५ वॅटवर बोलणाऱ्याचा आवाज दबतो. तो आवाज मदतीची हाकही असू शकेल.

मग व्यवहारात काय करावे? प्रथम वारंवारता मोकळी आहे का, ते ऐकावे. कमी शक्तीने हाक द्यावी. समोरच्यास आवाज कसा येतो, हे विचारावे. गरज भासल्यासच शक्ती वाढवावी आणि संपर्क स्थिर होताच पुन्हा उतरवावी. तथागतांनी सोण भिक्खूस वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. रेडिओचालकाने हाच मध्यम मार्ग अनुसरावा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे विद्युत वा संदेशवहनाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुटीत येऊन मुलांना एक साधी तारेची अँटेना बांधून दाखवावी, ही विनंती. बोलण्याचा हक्क आपल्या पिढ्यांनी झगडून मिळविला आहे. दुसऱ्याच्या आवाजास जागा ठेवून बोलणे, हे त्या हक्काचेच शिक्षण होय.