‘एआय’ची शाखा आणि मोखाड्याचा टँकर

सीईटीचा निकाल लागला की प्रश्न ठरलेला: ‘कॉम्प्युटर मिळेल, की एआय-डेटा सायन्सवर भागवावं?’ मेडिकल, सीए, एमपीएससी या वाटांची माहिती कुठल्याही क्लासच्या फलकावर मिळते, ती इथे उगाळत नाही. एकाच शाखेवर सगळे तुटून पडतात ते बहुतेकदा मुलाचा कल पाहून नव्हे, शेजारच्या मुलाचं पॅकेज ऐकून. चार वर्षांनी त्या शाखेला काय भाव असेल, हे आज ना कॉलेज सांगू शकतं ना क्लासवाला. या गर्दीत गणित उत्तम असलेलं, पण गावच्या पाण्याच्या प्रश्नानं अस्वस्थ होणारं एखादं मूल असतं. त्याला घरातून उत्तर मिळतं, ‘आधी नोकरी, मग समाजसेवा.’

गफलत इथेच आहे. गावच्या पाण्याचा शोध घेणं ही समाजसेवा नाही, संशोधन आहे, आणि ते कुठल्याही एका शाखेला झेपत नाही. पालघर जिल्ह्यातला मोखाडा तालुका घ्या. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त, मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी का मुरत नाही ते कातळ आणि उतार सांगतात. नळयोजना का बंद पडते ते पंप, वीजबिल आणि ग्रामपंचायतीचा हिशेब सांगतो. पण पाणी शहराकडे आधी का जातं, हे भूजलाच्या नकाशात सापडत नाही. त्यासाठी जमीन, जात आणि सत्ता यांचा अभ्यास लागतो. मुंबई आयआयटीतलं ‘सितारा’ केंद्र असल्याच प्रश्नांवर काम करतं. तिथल्या एमटेकला ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअर जातात आणि त्यांना गावात मुक्काम करून अभ्यास करावा लागतो. म्हणजे ‘मार्क कमी पडले म्हणून तिकडे’ हा समज निव्वळ अज्ञान आहे. समाजाच्या बाजूनं हे शिकायला १९३६ पासून चालत आलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) आहे, तिचं तुळजापूरचं ग्रामीण कॅम्पसही आहे. मराठवाड्यातल्या पालकांनाही ते ठाऊक नसावं, याचं नवल वाटतं.

‘पण पोट कसं भरायचं?’ ही शंका रास्त आहे. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ मिळाल्यास महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये पाठ्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पाठ्यवृत्त्या आहेत. मात्र त्या रखडल्या म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. कायम जागा थोड्या, प्रकल्पांवरच्या नेमणुका कराराच्या. घरात दुसरं कमावणारं कुणी नसेल तर आधी बीई करून नोकरी धरा, गेट नंतरही देता येते. पण घर खाऊनपिऊन सुखी असेल, तर ‘सुरक्षितता’ हे बापाच्या प्रतिष्ठेचंच दुसरं नाव असतं. मुलांनीही भाबडेपणा सोडावा: संख्याशास्त्र, जीआयएस आणि शेतकऱ्याशी नीट बोलणं, तिन्ही यायला हवं. प्रवेशाआधी विभागात दोन गोष्टी विचारा: फील्डवर्क किती, आणि मागच्या तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? टाळाटाळ झाली तर तिथे फी भरू नका.