ऊन पाण्याचे कुंड आणि वीज

अमेरिकेत अनेक घरांच्या परसात ऊन पाण्याचे कुंड बसविलेले आढळते. त्यास तेथे ‘हॉट टब’ म्हणतात. त्यात पाणी तापविण्यासाठी विजेचा हीटर व ते खेळविण्यासाठी पंप असतात. माणूस उघड्या अंगाने पाण्यात बसलेला आणि हातभर अंतरावर वीज, अशी ही स्थिती होय. ती निर्धोक कशी करतात, हे आता पाहू.

विजेचे मान

कुंडात १,५०० लिटर पाणी असून ते २० अंशांपासून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे आहे, असे समजू. त्यासाठी सुमारे ३५ युनिट वीज लागेल आणि ५.५ किलोवॉटच्या हीटरला सहा तासांहून अधिक वेळ द्यावा लागेल. अमेरिकेतील घरांत दिवे व लहान उपकरणे १२० व्होल्टवर चालतात. मोठ्या उपकरणांना २४० व्होल्टचा दाब देतात. या दाबावर असा हीटर सुमारे २३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यात पंपांची भर पडते. म्हणून मोठ्या कुंडासाठी बहुधा ५० अँपिअरचे स्वतंत्र विद्युत् मंडल ठेवतात व जाड तांब्याच्या तारा वापरतात. तार बारीक असल्यास ती तापते, वेष्टन वितळते आणि आग लागण्याचा संभव निर्माण होतो.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

५० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागल्यास फ्यूज किंवा त्याच्या जागी बसविलेला स्वयंचलित स्विच मंडल तोडतो. परंतु ओल्या अंगाचा विरोध १,००० ओहम धरला, तर १२० व्होल्टच्या तारेतून शरीरावाटे जमिनीकडे जाणारा प्रवाह केवळ ०.१२ अँपिअर होतो. एवढा प्रवाह हृदयाची गती बिघडवून मृत्यू ओढविण्यास पुरेसा आहे. पण फ्यूजच्या मर्यादेच्या तो चारशेव्या भागाइतकाही नाही! फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

जमिनीत एक सळई पुरली म्हणजे भागले, असाही एक समज आहे. सळईभोवतालच्या मातीचा विरोध २५ ओहम असेल, तर १२० व्होल्टच्या दाबाने जेमतेम ५ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. फ्यूज तसाच राहील आणि कुंडाचे धातूचे भाग विजेने भारलेले राहतील. म्हणून हे भाग अर्थिंगच्या तारेने घरातील मुख्य फलकाशी प्रत्यक्ष जोडावे लागतात.

गळती ओळखणारा स्विच

कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी मुठीत धरलेली तार माणसाला किती प्रवाहापर्यंत सोडता येते, याचा अभ्यास केला होता. १९६१ मध्ये त्यांनी माणसाचे रक्षण करणारा स्विच शोधून काढला. त्याचे तत्त्व जमाखर्चाच्या वहीसारखे आहे. जाणाऱ्या व परतणाऱ्या तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. दोन्ही प्रवाह समान असल्यास त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांस छेदतात. थोडा प्रवाह शरीरावाटे जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही. कड्यावरील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि स्विच मंडल तोडतो. अमेरिकेत या कामासाठी सुमारे ५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे.

समान दाब

तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, कारण त्याच्या दोन्ही पायांशी दाब सारखाच असतो. याच तत्त्वानुसार कुंडाजवळील नळ, कठडे इत्यादी धातूच्या वस्तू तांब्याच्या तारेने एकमेकींस जोडतात. शिवाय, वीज बंद करण्याचा स्विच कुंडावरून दिसेल असा, पण निदान ५ फूट दूर ठेवतात. पाण्यात बसलेल्याचा हात तेथे पोहोचता कामा नये.

आपल्या घरी

आपल्याकडे असे कुंड विरळा. परंतु स्नानगृहातील गीझर हा त्याचाच धाकटा भाऊ होय. येथे दाब २३० व्होल्टचा असल्याने धोका अधिकच आहे. घरांसाठी मिळणारा आर. सी. सी. बी. नावाचा स्विच याच तत्त्वावर चालतो. माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा निवडावा. जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि स्विचवरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. बटण दाबूनही वीज तुटली नाही, तर तो स्विच बदलून घेईपर्यंत गीझर लावू नये.